कुनैनच्या चार गोळ्या

माय बोट पुढे करेना.

"माह्या रक्ताचं का करतं तू?" ती म्हणाली. "सत्तर वर्सं होत आले मले. एक दिवस अंथरून धरलं नाई. ज्याले दुखते त्याचं घे."

शाळेच्या वऱ्हांड्यात सिकलसेलचं शिबिर मांडलं होतं. मायच्या मागे रांग होती आणि रांगेतले लोक कान देऊन ऐकत होते. मी त्याच गावचा, सरकारी नोकर, आणि माझी सख्खी आई सगळ्यांसमोर हात पदराखाली घेऊन उभी.

"सगळ्यांचंच घेतो आहो, माय. तुझं एकटीचं नाई."

"पारबताचं घेतलं का?"

"घेतलं मामीचं. मागच्या आठवड्यात, पळसटोल्याले."

"मंग? का निंगालं?"

"तू बोट दे. मंग सांगतो."

तिनं बोट दिलं. मी टोचलं, थेंब नळीत सोडला, नळी हलवून स्टँडमध्ये ठेवली. त्या स्टँडच्या मागे एक कागद चिकटवलेला असतो, त्यावर काळ्या रेषा. पाच मिनिटांनी नळीतून रेषा आरपार दिसल्या तर माणूस मोकळा. रक्त गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या तर त्याचं नाव वेगळ्या कागदावर लिहून रक्त जिल्ह्याला पाठवायचं.

पाच मिनिटं झाली. मायच्या नळीमागच्या रेषा दिसत नव्हत्या.

"का निंगालं पारबताचं?" मायनं पुन्हा विचारलं.

"पक्का रिपोर्ट येऊ दे," मी म्हणालो, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

हे दोन हजार दहा सालचं. मी तेव्हा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मलेरियाच्या काचा वाचायचो. गावोगावचे आरोग्यसेवक तापाच्या रोग्यांचं रक्त काचेच्या पट्टीवर पसरवून आणायचे, मी ती पट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचो आणि हिवतापाचा जंतू दिसतो का ते बघायचो. वैनगंगेच्या पलीकडचा आमचा भाग जंगलाचा, धानाच्या बांध्यांचा. पावसाळा सरता सरता रोज शंभर-सव्वाशे काचा यायच्या. चौदा वर्षं मी तेच करत होतो. बोटं कायमची जांभळी झाली होती.

माझी मुलगी श्रावस्ती दोन वर्षांपूर्वी गेली होती. सात वर्षांची होती.

ती वर्षाची असताना तिचे हातपाय सुजले. मग अधूनमधून हाडं दुखायला लागली, डोळे पिवळे व्हायला लागले. लोक कावीळ म्हणाले, बाहेरचं म्हणाले, वाताचं म्हणाले. सहावं सरल्यावर नागपूरला निदान झालं आणि तिला लाल कार्ड मिळालं. सिकलसेलच्या रोग्याला लाल कार्ड देतात. ज्याच्या अंगात ते आहे पण ज्याला त्याचा त्रास नाही, त्याला पिवळं. मला आणि माझ्या बायकोला, उत्पलाला, पिवळं मिळालं. आई-बाप दोघंही पिवळे असले तर चारातलं एक लेकरू लाल निघू शकतं, एवढं मला तेव्हा समजावलं गेलं. कार्ड मिळाल्यावर श्रावस्ती सात महिने जगली. आषाढात तिला ताप आला, छाती भरली, आणि तालुक्याहून पुढे नेताना गाडीतच ती गेली. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मांडीला मुंग्या आल्या होत्या म्हणून मी पाय हलवला, तेव्हा मला कळलं.

तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. त्या दिवशी नव्वद काचा वाचल्या. एकही चुकली नाही.

उत्पला माझ्या मामाची मुलगी. आमच्याकडे मामाची पोर करतातच, पण आमचं लग्न मायच्या हट्टानं झालं होतं. डोमामामा हा तिचा एकुलता उरलेला भाऊ. त्याची लेक आपल्या घरात यावी, हे तिनं आम्ही दोघं रांगत होतो तेव्हापासून ठरवून ठेवलेलं. म्हणजे उत्पलाची सासू ही तिची सख्खी आत्या. लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी ती मायला 'आत्या'च म्हणायची.

श्रावस्तीला मातीला न्यायचं त्या दिवशी पळसटोल्याहून मामा-मामी आले. पारबतामामी फाटकातून धावतच आली. तिची चप्पल रस्त्यात कुठेतरी राहिली होती. माय दारात उभी होती. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले.

"तू आत नको येऊ," माय म्हणाली. "तुह्याच रक्तातलं आहे हे. तुहा भाऊबी पिवळा पडूनच मेला होता. तुह्या माहेरचं माह्या घरात आलं आणि माही पोर खाल्ली."

मामी थांबली. एकदा तिनं आत वाकून बघण्याचा प्रयत्न केला. माय हलली नाही. मामा काहीतरी म्हणाला. मायनं त्यालाही सांगितलं, "तिले घेऊन जाय." मामानं बायकोच्या खांद्याला हात लावला आणि दोघं आल्या वाटेनं परत गेली.

मी ओसरीवर चार हातांवर उभा होतो. मला सगळं ऐकू येत होतं. मी काही बोललो नाही. उत्पला आत मुलीपाशी बसलेली होती. तिनं आपल्या आईचा आवाज ओळखला होता, हे तिनं मला पुढे कधीतरी सांगितलं. उठायला अंगात जीवच नव्हता, म्हणाली.

त्यानंतर दोन वर्षं दोन्ही घरांत जाणं-येणं बंद. उत्पला आणि माय एकाच चुलीवर रांधायच्या आणि कामापुरतं बोलायच्या. मी सकाळी निघायचो, संध्याकाळी यायचो. घरात आवाज भांड्यांचाच.

मग उत्पलाला दिवस गेले. तिसरा महिना लागला तेव्हा एका सकाळी डबा भरता भरता ती म्हणाली, "मले माझी आई पाह्यजे."

मी डब्याचं झाकण तिच्या हातात दिलं.

"तुम्ही गावोगाव रक्त तपासत फिरता ना? माझ्या आईचं तपासा. माझ्या बाबाचं तपासा. आत्याचंबी तपासा. एकदा काय ते कागदावर येऊ द्या."

म्हणून मी बोट मागत होतो.

मामीच्या नळीमागच्या रेषा दिसल्या होत्या, तरी तिचंही रक्त मी मुद्दाम जिल्ह्याला पाठवलं होतं. पंधरा दिवसांनी तिथल्या प्रयोगशाळेतून यादी आली. मी तीन नावं शोधली. डोमा लोणारे, पळसटोला: वाहक. सायत्रा भैसारे, म्हणजे माय: वाहक. पारबता लोणारे: काही नाही. तिचं रक्त स्वच्छ होतं.

यादी घेऊन मी आमच्या डॉक्टर इनामदार मॅडमकडे गेलो. त्या साताऱ्याकडच्या, वय सव्वीस-सत्तावीस, आमच्या केंद्रावर येऊन वर्ष झालं होतं. पुढच्या परीक्षेचा अभ्यास चालू असायचा, त्यामुळे जेवतानाही समोर पुस्तक उघडं असायचं. मी यादी पुस्तकावर ठेवली. त्यांनी तीन नावांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे तुमची आई आणि तिचा भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे आईकडून, मिसेसकडे वडिलांकडून. मूळ एकच."

"आमच्या घरात हे आलं कुठून, मॅडम?"

"कुठून आलं ते नका विचारू, भैसारे. टिकलं कसं ते विचारा." त्यांनी डबा बाजूला सरकवला. "लेकरं मारणारी गोष्ट हजारो वर्षं टिकायला नको. लेकरं मेली की तीही संपायला हवी. मग ही संपली का नाही? आणि तुमच्याच भागात एवढी का?"

मला माहीत नव्हतं.

"तुम्ही चौदा वर्षं काय वाचताय?"

"मलेरिया."

"तेच. हे जनुक एकाच बाजूनं मिळालं, तर माणसाला मलेरिया होतो, पण मारत नाही. ताप डोक्यात चढत नाही. मलेरियाच्या मुलखात अशी लेकरं तगतात, बाकीची जातात. म्हणून ते पसरतं. आणि पसरलं की कधीतरी दोन्ही बाजूंनी एकाच लेकरात येतं." त्या थांबल्या.

"आणि लाल कार्ड मिळतं," मी म्हणालो.

"हो."

"म्हणजे ते चांगलं का वाईट?"

"त्याला चांगलं-वाईट नाही. आपल्याला वाटतं, जगतो आपण आणि आपल्या मागून ते पुढे जातं. उलटं बघा. पुढे जातं ते. आपण वाटेत लागतो, एवढंच. तुमची आई वाचली ते तिच्यासाठी नव्हतं, आणि तुमची मुलगी गेली तेही तिच्यावर रागावून नव्हतं. त्याला त्या दोघी माहीतच नव्हत्या."

एवढं बोलून त्यांना वाईट वाटलं असावं. "सॉरी, मी फार बोलते," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, नाही मॅडम, सांगा. त्या आणखी थोडं बोलल्या. मग मी आपल्या टेबलाशी आलो.

बाहेर तापाच्या रोग्यांची रांग होती. एक बाई मांडीवर पोर घेऊन बसली होती, शेजारी तिची सासू, तिच्या शेजारी सासूचा म्हातारा भाऊ. मी त्यांच्याकडे बघत बसलो. पोराचं, सासूचं, म्हाताऱ्याचं नाक तेच, कपाळ तेच, तिघांच्या कानाची पाळी सारखीच चिकटलेली. माणसं दिसेनात. माणसांतून काहीतरी चालत निघालेलं दिसायला लागलं, कुणाकडेही न बघता.

मला बरं वाटलं असं म्हणणार नाही. पण दोन वर्षं मी मनात एकच घोकत होतो, की कुणाचं चुकलं. माझं, लग्न लावून देणाऱ्या मायचं, उशिरा ओळखणाऱ्या डॉक्टरांचं. त्या दुपारी वाटलं की इकडे कुणी बघतच नव्हतं. दुखायचं होतं ते दुखेनासं झालं. दात काढताना हिरडीत सुई देतात आणि मग ओठ आपला वाटत नाही, तसं झालं. त्याच ओठांनी मी घरी जाऊन मायशी बोललो.

माय ओसरीवर तांदूळ निवडत होती. उन्हं उतरली होती. मी तिचं कार्ड सुपाशेजारी ठेवलं.

"पिवळं काहून आहे?"

"तुझ्यात ते आहे म्हणून. मामातबी आहे. मामीत नाई."

"नाई म्हंजे?"

"काहीच नाई. साफ आहे तिचं रक्त. उत्पलाले ते मामापासून भेटलं, मले तुझ्यापासून. दोन्हीकडलं मिळून श्रावूले."

मायचा हात तांदळात होता, तो तिथंच राहिला. उत्पला दाराशी येऊन उभी राहिली.

"म्हंजे मीनं देल्लं," माय म्हणाली.

"कोनी देत नाई, माय. ते आपोआप जाते." आणि मी तिला सांगायला लागलो. शिबिरात लोकांना सांगायचो त्याच आवाजात. मलेरिया, एक बाजू, दोन बाजू. "ते होतं म्हणूनच तुम्ही दोघं बहीण-भाऊ त्या साली वाचले," मी म्हणालो. "बाकीच्यांत नसन, ते गेले."

'त्या साली' म्हटलं की आमच्या घरात एकच साल. माय तेव्हा नऊ वर्षांची. घरात आठ माणसं, आई-बाप आणि सहा लेकरं. धान कापणीला आला आणि गावात हिवताप शिरला. दिवाळीपर्यंत तिचे तीन भाऊ गेले, एक बहीण गेली, मग आई गेली. बाप तापात बरळत पडलेला, तो पुढे महिन्याभरात गेला. उरली ही आणि चार वर्षांचा डोमा. दोघंही तापलेलीच. ही रोज नदीवर जाऊन मडकं भरून आणायची, कण्यांची पेज शिजवायची, डोमाला पाजायची. एक दिवस जंगलखात्याचा नाकेदार गावातून गेला. त्यानं कुनैनच्या चार गोळ्या हिच्या हातावर ठेवल्या. दोन तुला, दोन भावाला. हिनं चारही डोमाला दिल्या, गुळात घालून, रोज अर्धी. नाकेदार परतताना विचारायला लागला तेव्हा म्हणाली, खाल्ल्या मी माझ्या. मग पोराला कमरेवर घेऊन सहा कोस चालत आत्याच्या गावाला गेली.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकली होती. माय ती कौतुक करून घ्यायला सांगायची नाही. लग्नात, बारशात, कुणी आजारी पडलं की सांगायची, आणि शेवटी एवढंच म्हणायची: "तसा जगवला मी त्याले." शाळा नाही, शेत नाही, नवरा तरुणपणी गेला. तिच्या नावावर तेवढं एक होतं.

आता ती माझ्याकडे बघत होती.

"मंग गोळ्या?"

"गोळ्या चांगल्याच," मी म्हणालो. "पण तू एकबी खाल्ली नाई, तरी जगली ना? तसाच तोबी जगला असता. बहुतेक."

"म्हंजे मीनं काईच नाई केलं?"

मला तिथे काहीही म्हणता आलं असतं. उत्पला माझ्याकडे बघून मान हलवत होती, नको, नको, अशी. मला ते दिसत होतं.

"रक्तानं केलं, माय," मी म्हणालो.

मायनं सूप उचललं, तांदूळ डब्यात ओतले, झाकण लावलं. निवडलेले आणि न निवडलेले एकाच डब्यात. मग ती आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. जेवायला उठली नाही. उत्पलानं त्या संध्याकाळी माझं ताट माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "खरं होतं ते?"

"हो."

"सांगाचं होतं एवढं?"

मी जेवलो. चव कशाचीच लागली नाही, पण ती दोन वर्षं तशीही लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी बाहेर आलो तर माय बाहेरगावी जायचं लुगडं नेसून माझ्या मोटारसायकलपाशी उभी होती.

"पळसटोल्याले ने मले."

बारा किलोमीटर ती मागे गाडीचा दांडा धरून बसली. मामा अंगणात दोर वळत बसला होता. आम्हाला बघून त्यानं पाय जवळ घेतले, पण उठला नाही. मामी घरातून आली आणि उंबऱ्यावरच थांबली. ती किती वाळली होती, ते मला तेव्हा दिसलं.

"बस, बाई," मामा म्हणाला. थोरल्या बहिणीला तो 'बाई' म्हणायचा.

माय बसली नाही. अंगणाच्या मधोमध उभी राहून तिनं सांगितलं. जे मी सांगितलं होतं तेच, तिच्या शब्दांत. की ते पारबताचं नव्हतं. आपलं होतं, आपल्या दोघांचं. त्या तापाच्या साली त्यानंच आपल्याला वाचवलं आणि त्यानंच पोर नेली. "आणि डोमा, मी नाई जगवलं तुले. उगाच सांगत आली मी. रक्तानं जगवलं. माह्या धम्मानं तपासून पाह्यलं."

मामानं हातातला दोर खाली ठेवला.

"रक्तानं?"

"हो."

"रक्त गेलं होतं का नदीवर मडकं घेऊन?" मामा म्हणाला. "चार वर्साचा होतो मी. घरात सगळे मेलेले. तापानं नसतं मारलं मले, पन तहानेतून कोनं वाचवलं असतं? रक्तानं पेज शिजवली? सहा कोस कोनाच्या कमरेवर होतो मी?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "शिकला तू, धम्मा. पन हे का शिकला?"

मी मान खाली घातली. मायच्या तोंडावर काही हललं. तिनं उंबऱ्याकडे बघितलं.

"पारबता, मी चुकली."

मामी उंबऱ्यावरून उतरली नाही. कोंबड्या अंगणात टोचत होत्या. मग ती बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसा.

"रक्ताचं मले काई समजत नाई, बाई. माह्यातलं निंगालं असतं तरी का मी हातानं घातलं होतं? तुमी बोलल्या, ते मी सोडून देईन. पन मले पोरीचं तोंड पाहू द्याचं होतं. आता कागद आनला तुमी. कागदानं ते होते का?"

मग ती माझ्याकडे वळली.

"आनि तुमी," ती मला म्हणाली. एरवी ती मला 'तू' म्हणायची. "तुमी तिथंच उभे होते."

"हो," मी म्हणालो.

ती आत गेली. मामा पुन्हा म्हणाला, "बस, बाई." माय म्हणाली, "पारबता म्हनन तवा बसीन." आणि ती मोटारसायकलकडे चालायला लागली.

मामी आठ दिवसांनी आली. लेकीसाठी आली. नागपूरला पोटातल्या लेकराची तपासणी करायला उत्पलाबरोबर तीच गेली, बाळंतपणही तिनंच केलं. मुलगी झाली. पिवळं कार्ड आहे तिचं, यंदा दहावीला आहे. मामी त्या मुक्कामात आमच्या घरात सात महिने राहिली आणि मायशी मोजून बोलली. माय तिच्या आंघोळीचं पाणी तापवून ठेवायची, मामी ते घ्यायची. पुढे काही वर्षांनी त्या दोघी एकत्र बसून शेंगा फोडताना मी बघितल्या, पण त्याला फार वर्षं लागली, आणि मामीनं 'माफ केलं' असं कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पण त्या रविवारचं थोडं राहिलं.

परतताना अर्ध्या वाटेत, मोहाची झाडं लागतात तिथे, मायनं माझ्या पाठीवर थाप मारली. मी गाडी थांबवली. मला वाटलं तिला उतरायचं असेल. ती उतरली नाही. मागूनच बोलली, त्यामुळे तिचं तोंड मला दिसत नव्हतं.

"एक सांग मले. ताप नाई चढला तो रक्तानं, हे मानलं मी. पन गोळ्या. मी नऊ वर्साची होती. मलेबी ताप होता. मराचं भेव वाटत होतं मले, लय वाटत होतं. दोन गोळ्या माह्या होत्या. मी त्याले देल्ल्या. द्यावं असं मले कोनं सांगतलं? घरात तर कोनीच नव्हतं सांगनारं." ती थांबली. "हेबी रक्तातच होतं का?"

आदल्या दुपारी इनामदार मॅडम आणखी थोडं बोलल्या, असं मी वर म्हटलं. काय बोलल्या ते लिहिलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, नुसतं मलेरियाचं सोडा, भैसारे. बहीण भावासाठी स्वतःच्या तोंडचा घास काढते, पाखरू पिलांसाठी सापासमोर जातं, त्याचंही मूळ आता तिथेच धरतात. भावात निम्मं आपलंच असतं ना. तो जगला तर ते निम्मं जगतं. ज्या जनुकानं बहिणीला असं करायला लावलं, ते भावातून पुढे गेलं. मला ते तेव्हाच पटलं होतं. आजही पटतं. मॅडम चुकीचं बोलल्या असं मला कधी वाटलं नाही.

तेव्हा उत्तर मला माहीत होतं. आदल्या दिवशी मी जसं सांगितलं तसंच एका शब्दात सांगता आलं असतं.

"नाई, माय," मी म्हणालो. "तपासलं ना मी. ते रक्तात नसते. ते तुझं होतं."

"पक्कं?"

"पक्कं."

मला रडू आलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. श्रावस्तीला मातीला नेलं तेव्हाही आलं नव्हतं. मी हँडल धरून तसाच पुढे बघत राहिलो. मागे मायनं पदर सारखा केला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"चाल मंग," ती म्हणाली. "उत्पलानं काई खाल्लं नसन अजून."